तुमची शंका : रेग्युलेटरवर बर्फ का धरतो?

आधी एक कबुली देतो, मग पत्रांकडे वळतो. मागच्या अंकात मी बेधडक लिहून गेलो होतो की सायकलच्या ट्यूबची पिन दाबल्यावर बोटाला गार हवा लागते, तो जूल-थॉमसन परिणाम, म्हणजे बारीक फटीतून कमी दाबाकडे घुसताना गॅसचं तापमान बदलणं. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी पोस्टकार्डावर चार ओळींत माझं माप काढलं. 'हवेला एका बारमागे (बार म्हणजे साधारण एका वातावरणाएवढा दाब) पाव अंश गारवा. ट्यूबमध्ये दाब तीन बार धरू. पाऊण अंश झाला. पाऊण अंशाचा फरक आपल्या बोटाला कळतो काय?'

नाही कळत, गुरुजी. चूक झाली. ट्यूबमध्ये मागे उरलेली हवा फुगत जाते आणि फुगता फुगता पुढच्या हवेला बाहेर ढकलते. त्या ढकलण्याच्या कामात तिची स्वतःची उष्णता खर्ची पडते, म्हणून ती गार होते. शिवाय सुटलेल्या वाऱ्यानं बोटावरचा घाम उडतो, त्याचा गारवा वेगळाच. जूल आणि थॉमसन यांचा त्यातला वाटा चिल्लर आहे. एकतीस वर्षं ऑक्सिजनच्या कारखान्यात काढलेल्या माणसानं ही चूक करावी हे जरा लाजिरवाणंच. प्रायश्चित्त म्हणून या महिन्यात सगळी पत्रं एकाच विषयावरची निवडली आहेत.

इचलकरंजीहून एक फॅब्रिकेशनवाले लिहितात : 'स. न. वि. वि. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वेल्डिंगच्या सिलिंडरला आम्ही रेग्युलेटरच्या आधी हीटर लावतो. परवा हीटर जळाला. काम घाईचं होतं म्हणून तसंच चालू ठेवलं. अर्ध्या तासात रेग्युलेटर पांढराफटक झाला, फ्लो मीटरमधली गोळी वर-खाली नाचायला लागली आणि वेल्डमध्ये छिद्रंच छिद्रं. शेजारी आर्गॉनचा सिलिंडर आहे. त्यात दाब दुपटीहून जास्त, तरी त्याला हीटर लागत नाही. दाब जास्त तर गारठाही जास्त हवा ना? मुलगा डिप्लोमाला आहे. तो म्हणतो, गॅस प्रसरण पावला की गार होतो, त्यात विचारायचं काय?'

मुलाला विचारा, कोणता गॅस, आणि प्रसरण पावताना त्यानं काम केलं की नाही? या दोन गोष्टी कळल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही. इंजिनात गॅस पिस्टन ढकलतो, म्हणजे काम करतो, म्हणून गार होतो. तिथे कोणताही गॅस चालेल. रेग्युलेटरमध्ये ढकलायला पिस्टन नाही, फिरवायला चाक नाही. बारीक फटीतून गॅस जास्त दाबाकडून कमी दाबाकडे नुसता घुसतो. पुस्तकातला 'आदर्श वायू' तुमच्या रेग्युलेटरमधून सोडला, तर त्याचं तापमान केसभरही बदलणार नाही. बदलतं ते खऱ्या वायूंचं, कारण त्यांच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते. दाबाखाली ते दाटीवाटीनं बसलेले असतात. फटीतून बाहेर पडले की लांब लांब होतात, आणि ती ओढ तोडायला ऊर्जा लागते. बाहेरून कुणी देत नाही, तेव्हा ते स्वतःच्या हालचालीतून काढतात. रेणूंची हालचाल मंदावली की आपण म्हणतो, गॅस गार झाला.

ही ओढ सगळ्यांना सारखी नसते, आणि तुमचा सीओटू त्यात फार पुढे आहे. २५ अंशांना सिलिंडरमध्ये त्याचा दाब साधारण ६४ बार असतो. खाली द्रव, वर वाफ. त्या वाफेला साध्या वायुनियमानं जेवढी जागा लागायला हवी, तिच्या निम्म्याहूनही कमी जागेत ती मावलेली असते. इतकी ती एकमेकांना धरून असते. आर्गॉनचं तसं नाही. १५० बारला भरलेला असला तरी तो जवळजवळ नियमानंच वागतो.

आता आकडे मांडतो, कारण हीटरची गोम त्यातच आहे. तुमचा फ्लो मिनिटाला १५ लिटर धरतो. सीओटूचे १५ लिटर म्हणजे सुमारे २७ ग्रॅम. सिलिंडरमधली वाफ फटीतून काढून पुन्हा खोलीच्या तापमानाला आणायची, तर दर ग्रॅममागे शंभर-एकशेदहा जूल उष्णता द्यावी लागते. हिशेब केला तर अंदाजे ५० वॅट. आर्गॉनचा तेवढाच फ्लो घेतला तर १५० बारहून येताना तो चाळीसेक अंशांनी उतरतो खरा, पण त्याला परत वर आणायला १० वॅट पुरतात. रेग्युलेटरच्या पितळेचा गोळा आजूबाजूच्या हवेतून १० वॅट सहज ओढून घेतो. तुम्हाला तो थोडा गार लागेल, बस्स. ५० वॅट त्याला झेपत नाहीत. म्हणून तो स्वतःच गोठत जातो आणि हवेतली वाफ त्याच्या अंगावर येऊन बसते. तुमचा जळालेला हीटर हे ५० वॅट भरून काढत होता. जुन्या पिवळ्या बल्बाएवढं काम, पण ते नसलं की वेल्ड फुकट.

बाहेरचा पांढरा थर दिसायला भीतीदायक असतो, पण खरी अडचण आत असते. हीटर नसताना सीओटू इतका उतरतो की त्यातला थोडा भाग थेट घन होतो. तोच आपला कोरडा बर्फ, उणे ७८ अंशांचा. गॅसमध्ये ओल असेल तर तिचा बर्फ वेगळा. हे कण सीटवर, म्हणजे फटीच्या तोंडाशी, अडकतात, फ्लो तुटतो, मग दाबानं कण उडतात, फ्लो एकदम येतो. गोळी नाचत होती ती त्यामुळे. ज्या क्षणी फ्लो तुटला त्या क्षणी वितळलेल्या लोखंडाला हवा लागली, म्हणून छिद्रं. आर्गॉन उणे १८६ पर्यंत द्रवसुद्धा होत नाही, त्यामुळे तो असा अडकून बसण्याचा प्रश्नच नाही.

काम सुरू करण्याआधी पाच-दहा मिनिटं हीटर चालू करून ठेवा. आणि गोठलेल्या रेग्युलेटरवर गॅसकटरची ज्योत फिरवणारे कारागीर मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. तुमच्याकडे कुणी तसं करत असेल तर त्याच्या हातातून कटर काढून घ्या. रेग्युलेटर बंद करून दहा मिनिटं चहा प्यायला गेलात तरी बर्फ आपसूक उतरतो.

नांदेडहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी : 'सर, हवा थ्रॉटल केली, म्हणजे बारीक फटीतून सोडली, की गार होते, पण हायड्रोजन आणि हीलियम खोलीच्या तापमानाला उलट गरम होतात, असं आम्हाला शिकवलं. इन्व्हर्जन तापमानाची व्याख्या पाठ आहे, पण डोक्यात शिरत नाही. दुसरं, हवेला एका बारला पाव अंशच मिळतो. मग एवढ्याशा गारव्यावर हवेचा द्रव कसा होतो? तिसरं, हायड्रोजनचा सिलिंडर गळला तर तो स्वतःहून गरम होऊन पेटतो म्हणतात, ते खरं का?'

तुला अगं-तुगं करतो, रागावू नकोस. माझी नात तुझ्याच वर्गात शोभेल.

वर इचलकरंजीच्या उत्तरात मी हिशेबाची एकच बाजू सांगितली. दुसरी तुझ्यासाठी ठेवली होती. फटीतून जाणाऱ्या गॅसच्या एका पुडक्याचा विचार कर. मागून येणारा गॅस त्याला ढकलतो, म्हणजे त्याला ऊर्जा देतो. पुढे गेल्यावर त्या पुडक्याला समोरचा गॅस सारून स्वतःसाठी जागा करावी लागते, म्हणजे ते ऊर्जा मोजतं. मागे दाब जास्त आणि जागा कमी, पुढे दाब कमी आणि जागा जास्त. आदर्श वायूत दाब आणि जागा यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखाच, म्हणून मिळालेलं आणि मोजलेलं फिट्टंफाट.

हायड्रोजनचे रेणू एकमेकांना फारशी ओढ लावत नाहीत, पण जागा मात्र अडवतात. २७ अंशांना १०० बार दाबाखाली नियमानं जो हायड्रोजन १०० लिटरमध्ये बसावा, तो १०६ लिटर मागतो. ती जास्तीची ६ लिटर म्हणजे मागून मिळालेली जास्तीची ढकल. पुढे गेल्यावर तो नियमानं वागतो, म्हणून मोजतो कमी. पदरात शिल्लक राहते. त्या शिलकीतून ओढ सोडवण्याचा खर्च वजा केला तरी थोडं उरतं आणि गॅस गरम होतो. सीओटूचं उलट आहे. मागे जागा कमी म्हणून मिळकत कमी, आणि ओढ सोडवण्याचा खर्च वर. दोन्हीकडून तोटा.

आता इन्व्हर्जन तापमान. थंडीत रेणू सावकाश फिरतात, एकमेकांच्या आसपास जास्त वेळ रेंगाळतात, म्हणून ओढीचा खर्च भारी पडतो. तापल्यावर ते सुसाट असतात, ओढ जाणवतच नाही, फक्त धक्के उरतात. ज्या तापमानाला मिळकत आणि खर्च बरोबर बरोबर होतात, तेच हे तापमान. प्रत्येक वायूला ते असतं, म्हणजे नायट्रोजनसुद्धा पुरेसा तापवून सोडलास तर तो गरम होईल. फक्त त्यासाठी त्याला साडेतीनशे अंशांच्या आसपास न्यावं लागेल. हायड्रोजनचं हे तापमान उणे ७० अंशांच्या जवळपास, हीलियमचं त्याहून खूप खाली, उणे २३० च्या आसपास. आपल्या खोलीत दोघेही त्याच्या वर आहेत, एवढंच. त्यांचा काही वेगळा नियम नाही. (हे आकडे कमी दाबासाठीचे. दाब वाढला की ते सरकतात. परीक्षेत तो आलेख काढायला सांगतील, आत्ता सोडून दे.)

तुझा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण हाच प्रश्न नोकरीच्या पहिल्या वर्षी मी आमच्या फोरमनना विचारला होता आणि त्यांनी उत्तर न देता मला रात्रपाळी लावली होती.

आधी थोडं मागे जाऊ. जूल म्हणजे मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्डचा, दारूच्या भट्टीच्या मालकाचा मुलगा. १८४५ मध्ये त्यानं तांब्याची दोन भांडी पाण्यात बुडवली. एकात २२ वातावरणांच्या दाबाची हवा, दुसरं रिकामं. मधला नळ उघडला. पाण्याचं तापमान तसूभरही हललं नाही. हवा खरं तर किंचित गार झालेली होती, पण एवढं पाणी आणि एवढं तांबं त्या किंचितशा गारव्यानं काय हलणार! नंतर विल्यम थॉमसननं, जो पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला, युक्ती सुचवली : एकदाच सोडू नका, वाहती ठेवा. १८५२ पासून दोघांनी नळीत कापसाचा किंवा रेशमाचा बोळा घालून त्यातून हवा सतत सोडली. काही वेळानं नळी, बोळा सगळं स्थिर झालं की उष्णता चोरायला कुणी उरत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या थर्मामीटरांत फरक दिसतो. बोळ्याचा दुसरा उपयोग म्हणजे हवेचा सुसाट झोत होत नाही, त्यामुळे वेगाचा गोंधळ नाही. हवेला एका वातावरणामागे पाव अंशाच्या जरा वर मिळाला. हायड्रोजन किंचित गरम होतो हेही त्यांनीच पाहिलं.

पाव अंशाचं भांडवल करून दाखवलं म्युनिकच्या कार्ल लिंडं यानं, १८९५ मध्ये. इंग्लंडात विल्यम हॅम्पसननं त्याच सुमाराला तेच केलं, पण नाव लिंडंचं राहिलं. युक्ती एवढीच : व्हॉल्व्हमधून गार झालेली हवा बाहेर सोडून द्यायची नाही. ती परत फिरवायची, येणाऱ्या हवेच्या नळीला लगटून. म्हणजे येणारी हवा व्हॉल्व्हपर्यंत पोचते तीच गार होऊन, आणि व्हॉल्व्हमध्ये ती आणखी गार होते. मग परत जाताना पुढच्या हवेला आणखी गार करते. व्याजावर व्याज चढावं तसं चालतं. त्यात दुसरा फायदा असा की हवा जितकी गार, तितकी तिची ओढ जास्त, म्हणजे पाव अंशाचा दर पुढे पुढे वाढतच जातो. शेवटी व्हॉल्व्हच्या तोंडाशी थेंब पडायला लागतात. सगळ्या हवेचा द्रव होत नाही. नुसत्या व्हॉल्व्हच्या यंत्रात, २०० बार दाब असला तरी, शंभरातले दहा भागही होत नाहीत. बाकीची हवा गारवा वाटायला परत फिरते.

आमचा प्लांट जुन्या धाटणीचा होता. कंप्रेसर, ड्रायर, मग पर्लाइटनं भरलेला दुमजली कोल्ड बॉक्स. पर्लाइट म्हणजे पांढऱ्या भुग्यासारखं असतं, हातात घेतलं तर वजनच लागत नाही. बॉक्सच्या बाहेर फक्त एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा लांब दांडा आणि त्यावरचं हातचाक. संध्याकाळी प्लांट सुरू केला की रात्रभर काहीच दिसत नसे. तापमानाचे काटे तासातासानं खाली जात. पहाटेकडे कधीतरी लेव्हलचा काटा थरथरे आणि फोरमन म्हणत, 'आला पाहुणा.' नळीतून बशीत घेतलेला तो द्रव निळसर दिसे. बशीला दव धरे, मग बर्फ, आणि बघता बघता बशी रिकामी.

२५ जून १९८३ च्या रात्री मी पाळीवर होतो. तारीख विसरणं शक्य नाही. लॉर्ड्सवर अंतिम सामना चालू होता आणि आमच्या केबिनमध्ये ट्रान्झिस्टर होता. दहा वाजता ड्रायर बदलायचा होता. ड्रायर दोन असतात. एक हवेतली ओल शोषत असतो, दुसरा गरम हवेनं सुकवत ठेवलेला असतो. वेळ झाली की अदलाबदल करायची. मी ती केली शेवटची विकेट पडल्यावर, बारानंतर. नाचून झालं, मग केली. दीडच्या सुमारास व्हॉल्व्हआधीचा दाब चढायला लागला आणि पलीकडचा उतरायला. व्हॉल्व्ह तेवढाच उघडा! फोरमन आले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दांड्याच्या बुडाशी टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मलाही ऐकायला लावलं. निरोगी व्हॉल्व्हमधून एकसारखा भरदार सूं असा आवाज येतो. त्या रात्री शीळ येत होती, मधेच तुटणारी. ओल आत गेली होती आणि फटीच्या तोंडाशी बर्फ होऊन बसली होती. त्यांनी हातचाक मागे-पुढे करून दोनदा बर्फ फोडला, तिसऱ्यांदा फुटला नाही. प्लांट बंद, मग गरम कोरड्या हवेनं सगळा कोल्ड बॉक्स वितळवणं. रात्रभर जमवलेला गारवा, पाव-पाव अंश करून साठवलेला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही हातानं फुंकून टाकला. फोरमन बोलले काहीच नाहीत. फक्त निघताना विचारलं, 'कपिलनं किती काढल्या रे?'

हायड्रोजनला हीच युक्ती लावायची तर आधी त्याला इन्व्हर्जन तापमानाच्या खाली न्यायला हवं, नाहीतर व्याज उलटं चढेल, यंत्र तापत जाईल. १८९८ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअरनं द्रव हवेनं हायड्रोजन आधी गार केला, मग व्हॉल्व्हमधून सोडला, आणि तो द्रव झाला, उणे २५३ अंशांना. १० जुलै १९०८ ला नेदरलँड्समधल्या लायडनला कॅमरलिंग ओनेसनं त्या द्रव हायड्रोजनच्या गारव्यावर हीलियम आणला आणि तोही उतरवला, उणे २६९ ला. एकाच्या खांद्यावर दुसरा, दहीहंडीच्या थरासारखं.

तिसरा प्रश्न. नाही, त्यानं पेटत नाही. हायड्रोजनला एका बारमागे अंशाचा तीन शतांश भाग मिळतो. २०० बारचा सिलिंडर गळला तर सहा-सात अंश वाढतील. हायड्रोजन पेटायला पाचशे अंशांच्या वर तापमान लागतं. गळणारा हायड्रोजन कधी कधी आपोआप पेटलेला दिसतो हे खरं, पण त्यामागे स्थिर विजेची ठिणगी किंवा अशाच दुसऱ्या गोष्टी असतात. त्याला पेटायला ठिणगीही अगदी इवलीशी पुरते. थॉमसनसाहेबांवर तो आळ नको.

नाशिकहून केटरिंगचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई : 'लग्नाच्या सीझनमध्ये मोठ्या भट्ट्या लावल्या की व्यावसायिक गॅस सिलिंडरच्या खालच्या भागावर बर्फ धरतो आणि ज्योत बारीक होते. मुलं सिलिंडर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात. हाच तो परिणाम का? आणि घमेलं चालतं का?'

ताई, तुमच्याच पत्रात उत्तर आहे : 'खालच्या भागावर'. थंडी कुठे बसली आहे ते आधी बघायचं. रेग्युलेटरवर असेल तर फटीतून जाण्याचा गारवा. सिलिंडरच्या पोटावर असेल तर आत द्रव उकळतोय. तुमच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्यूटेनचा द्रव आहे. भट्टी गॅस ओढते तशी द्रवाची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता द्रव स्वतःतूनच काढतो. तासाला एक किलो गॅस ओढला तर अंदाजे शंभर वॅट उष्णता पत्र्यातून आत यायला हवी. एका सिलिंडरवर तीन-चार भट्ट्या लावल्या की तेवढी येत नाही. द्रव गार पडतो, दाब उतरतो, ज्योत बारीक होते. वेल्डिंगवाल्यांच्या सीओटूमध्ये दोन्ही प्रकार एकदम होतात, तुमच्याकडे मुख्यतः हा एकच.

यात एक फायदाही आहे. बर्फाची किंवा दवाची वरची रेघ जिथे संपते, तिथपर्यंत द्रव उरला आहे. वजनकाटा नसताना आचारी तेवढ्यावरून अंदाज बांधतात आणि सहसा चुकत नाहीत.

घमेलं मात्र नको. पाणी किती तापलंय हे घाईत कुणी बघत नाही, आणि द्रव जास्त तापला तर दाब कुठल्या कुठे जातो. उपाय सोपा आहे : दोन-तीन सिलिंडर एका मॅनिफोल्डवर, म्हणजे सामायिक नळीवर, जोडून घ्या, म्हणजे भार वाटला जाईल आणि प्रत्येकाला हवेतून उष्णता घ्यायला पत्रा जास्त मिळेल. काम गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्या. मांडवाच्या कोपऱ्यात, चटया-पडद्यांत कोंबलेला सिलिंडर जास्त गोठतो, त्याला वारा लागू द्या. २०२१ मध्ये टीव्हीवर हॉस्पिटलांच्या आवारातले उभे ऑक्सिजनचे टँक तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या शेजारी पांढऱ्या बर्फानं माखलेल्या पंखेवाल्या नळ्या असतात. तेही हेच : द्रव ऑक्सिजनला गॅस व्हायला उष्णता हवी, ती नळ्यांचे पंखे हवेतून गोळा करतात.

पुण्याहून एक टॅक्सीचालक : 'सीएनजीची गाडी थंडीत सकाळी आधी पेट्रोलवर चालू होते आणि जरा तापली की मग सीएनजीवर जाते. का?'

सिलिंडरमध्ये सीएनजी २०० बारला भरलेला असतो. इंजिनाला तो थोड्याच बारवर लागतो. एवढी उतरण फटीतून झाली की मिथेन शून्याच्या बराच खाली जातो. बॉनेट उघडून रिड्यूसर, म्हणजे दाब उतरवणारा भाग, बघा, त्याला पाण्याच्या दोन रबरी नळ्या लागलेल्या दिसतील. इंजिनाचं गरम कूलंट त्यातून फिरतं, तोच तुमचा हीटर. इंजिन थंड असेल तर कूलंटही थंड, म्हणून ते तापेपर्यंत गाडी सीएनजीवर जात नाही. त्या नळ्या बंद पडल्या किंवा कूलंट उतरलं, तर रिड्यूसरवर भर उन्हाळ्यातही बर्फ दिसेल. दिसला तर आधी पाणी तपासा.

चिपळूणहून एक आजोबा : 'हाः करून सोडलेला श्वास गरम लागतो, ओठ आवळून फुंकलेला गार. नातू म्हणतो हे जूल-थॉमसन. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात, ते याच्याच जोरावर का?'

नातवाला माझा दिलासा कळवा, मीही याच खड्ड्यात पडलो होतो. ओठ आवळून कितीही जोरानं फुंकलं तरी तोंडातला दाब बाहेरच्यापेक्षा फार तर एका बारचा काही शतांश भाग जास्त असतो. त्याला पाव अंशानं गुणा. थर्मामीटरलाही धड कळणार नाही. खरं कारण असं की बारीक झोत आजूबाजूची खोलीतली हवा ओढून बरोबर नेतो. हातापर्यंत पोचते ती बहुतेक खोलीचीच हवा, आणि ती घामाची वाफ उडवते. ताकाचं माहीत नाही, पण दूध निवतं ते वरची वाफ अशी उडून गेल्यामुळे.

नातवाला एक करून बघायला सांगा. तळहात ओठांना जवळजवळ टेकवायचा, बोटभरही अंतर नको, आणि तसंच ओठ आवळून फुंकायचं. झोताला बाहेरची हवा ओढायला जागाच मिळत नाही. फुंकर गरम लागते.